गाडीतलं पिस्तूल आणि वऱ्हाडातल्या न दिसणाऱ्या रेषा

वर्धा नदीचा पूल ओलांडायला आज गाडीला मिनिटभर पुरतं. या काठाला अमरावती जिल्हा, त्या काठाला वर्धा. दोन्हीकडे पऱ्हाटी, दोन्हीकडे तूर, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांची सोयरी. पण शंभर वर्षांपूर्वी याच पात्रातून एक विलक्षण रेषा जात होती. पूर्वेचा काठ ब्रिटिश हिंदुस्थानात होता. पश्चिमेचा काठ, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा सगळा वऱ्हाड, कागदावर हैदराबादच्या निजामाचा मुलूख होता. १८५३च्या तहानं निजामानं तो इंग्रजांच्या हाती सोपवला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यानं दिला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. दोन्ही काठांवर हुकूम चालवणारा साहेब एकच, तरी कायद्याच्या नजरेत एक काठ आपला आणि दुसरा परका. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप येत नसे. वेगळी अधिसूचना काढून तो वऱ्हाडाला लावावा लागे. ही कटकट इतकी वाढली की १९४१ मध्ये त्यासाठी ‘बेरार लॉज ॲक्ट’ नावाचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

शस्त्रांचा कायदाही याच चौकटीतला. १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, ब्रिटिश हिंदुस्थानासाठी शस्त्र कायदा झाला. युरोपियनांना त्यातून सूट आणि इथल्या माणसाला मात्र घरात बंदूक ठेवायची तर परवाना, असा तो भेदभावाचा कायदा होता आणि लोकांच्या मनात त्याची चीड होती. आता १९३०च्या सुमाराचा अकोल्याचा एखादा मोटारवाला देशमुख डोळ्यांसमोर आणा. गाडीत रिव्हॉल्व्हर ठेवून तो वर्धा ओलांडून नागपूरकडे गेला तर ब्रिटिश हिंदुस्थान. पैनगंगा उतरून हिंगोलीकडे वळला तर खुद्द निजामाचं राज्य आणि त्याचे स्वतःचे हुकूम. मलकापूरच्या पुढे खानदेशात शिरला तर पुन्हा ब्रिटिश हिंदुस्थान, पण इलाखा मुंबईचा. रिव्हॉल्व्हर तेच, माणूस तोच. चाकं कोणत्या मातीवर आहेत यावर त्याचं कायदेशीर स्थान ठरायचं.

अमेरिकेत हे चित्र आजही जिवंत आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. तिथून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जायचं म्हणजे डेलावेअर नदीवरचा एक पूल. या पुलावर हॅन्डगनचा कायदा बदलतो. पेनसिल्व्हेनियानं दिलेला परवाना न्यू जर्सी मानत नाही. न्यू जर्सीत बाळगण्याचा परवाना नसेल तर पिस्तूल मोजक्याच कारणांसाठी गाडीतून नेता येतं, तेही गोळ्या काढून, बंद पेटीत किंवा कुलूप लावलेल्या डिक्कीत. उलट टेक्सासमध्ये २०२१ पासून, एकवीस वर्षांवरच्या आणि कायद्यानं अपात्र न ठरलेल्या माणसाला हॅन्डगन बाळगायला परवानाच लागत नाही. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे म्हटल्यावर वाटेत अडकणाऱ्यांचं काय, म्हणून १९८६ मध्ये तिथल्या केंद्रानं वाटसरूंसाठी एक तरतूद केली. जिथून निघालात आणि जिथं पोचणार, त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणं कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते नेता येतं. अट अशी की शस्त्रात गोळ्या नसाव्यात आणि शस्त्र किंवा गोळ्या बसल्या जागेवरून हाताला लागू नयेत. गाडीला वेगळी डिक्की नसेल तर कुलपाची पेटी हवी, आणि समोरचा कप्पा ही पेटी धरली जात नाही. कायदा गाडीतल्या एकेका कोपऱ्याचा विचार करतो हे वाचून मला पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं.

मग प्रश्न पडतो, आपल्याकडे राज्याराज्यांचे असे कायदे का नाहीत? उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिथल्या केंद्र सूचीतली पाचवी नोंद शस्त्रं, अग्निशस्त्रं, दारूगोळा आणि स्फोटकांची आहे. म्हणजे पिस्तुलाचा कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. मुंबईच्या किंवा भोपाळच्या विधानसभेचा नाही. त्या अधिकारातून १९५९ चा शस्त्र कायदा झाला, १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला आणि त्याखालचे आजचे नियम २०१६ चे आहेत.

घटनेत हे असं आलं त्यामागच्या वादात आपल्या प्रांताचा एक धागा आहे. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तो हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती ज्यांनी मांडली ते ह. वि. कामत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून आलेले सदस्य होते. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. ज्याला हवं त्यानं बाजारात जावं आणि मिळेल ते हत्यार विकत घ्यावं अशी मोकळीक हक्क म्हणून दिली, तर राज्यानं कारभार चालवायचा कसा, हा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती पडली. पुढे कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आला तो शांततेनं आणि शस्त्रांशिवाय या अटीसह. दोन देशांच्या रस्त्यांवरचा फरक इथून सुरू होतो. तिकडे पिस्तूल हा हक्क आहे आणि राज्यं त्याला मर्यादा घालतात. इकडे पिस्तूल मुळात बंद आहे आणि परवाना ते एका माणसापुरतं, एका कारणापुरतं उघडतो.

तर राज्याची रेषा पुसली गेली. पण वऱ्हाडाचा नकाशा समोर घेऊन मी शस्त्र कायद्याची कलमं त्यावर ठेवत गेलो, तेव्हा तिच्या जागी कितीतरी बारीक रेषा उमटलेल्या दिसल्या. अमरावतीहून निघून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी असं करत मध्य प्रदेशाच्या हद्दीला भिडणारा रस्ता घ्या. गाडीत एक परवानाधारक आहे. त्याच्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का असलेली काडतुसं आहेत. आपल्याकडे रीतसर परवान्यावर मिळणारी हॅन्डगन बहुधा हीच. सैन्य-पोलीस वापरतात ती ९ मि.मी. सारखी बोअर सामान्य नागरिकाला बंद, म्हणून .३२ इतकी पसरली. या माणसाच्या खिशातल्या परवान्यावर पहिली रेषा लिहिलेलीच असते. परवाना कुठवर चालेल त्याचा रकाना: जिल्हा, महाराष्ट्र राज्य, किंवा सगळा भारत. कायदा देशभर एक आणि परवानगी मात्र या रकान्याएवढी.

दुसरी रेषा अमरावती शहर सोडताना लागते. शस्त्र कायद्यातली व्याख्या अशी आहे की जिथं पोलीस आयुक्त नेमलेला असतो, तिथं जिल्हादंडाधिकारी म्हणजे तो आयुक्त. अमरावती शहराला आयुक्तालय आहे. म्हणून शहरातल्या माणसाचा परवाना आयुक्तालयातून आणि चांदूर बाजारच्या, अंजनगावच्या माणसाचा जिल्हाधिकारी कार्यालयातून. जिल्हा एक आणि शस्त्र कायद्यापुरते जिल्हादंडाधिकारी दोन! अकोल्यात मात्र शहर असो की बार्शीटाकळी, फाइल जिल्हाधिकाऱ्यांच्याच टेबलावर जाते.

हा परवाना कसा मिळतो तेही थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. एकवीस वर्षांखालच्याला शस्त्र नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं, पूर्वी तीन चालत. आणि परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. प्रत्येक परवानाधारकाचा देशभराच्या संगणकीय नोंदीत एक क्रमांक असतो. कायदा इथं एक सुंदर भेद करतो, जो कास्तकाराच्या घरी लगेच समजेल. रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात, रात्र रात्र जागल करावी लागते. अशा खऱ्या पीकसंरक्षणासाठी भरमार बंदूक, किंवा संरक्षणासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची साधी बंदूक मागितली, तर नकाराचं कारण नसेल तेव्हा परवाना द्यावा असा कायद्याचा कल आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागितलं तर मात्र ते कशाला हवं याचं सबळ कारण अर्जदारानं पटवून द्यायचं. लांब नळी खांद्यावर दिसते, आखूड नळी लपते. माझ्या मते सगळ्या जगाच्या हॅन्डगन कायद्यांच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे.

आणि तरी नियम सांगतो, ती लपवाच. २०१६च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हॅन्डगन न्यायची तर ती अंगावरच्या म्यानात, ज्याला आपण होल्स्टर म्हणतो त्यात, किंवा तशाच पिशवीत हवी. पूर्ण झाकलेली हवी. आणि नेणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा हवा. कमरेला उघडं पिस्तूल दिसेल असं लटकवून वरातीत फिरणं म्हणूनच नियमाबाहेर. हवेत बार काढला तर २०१९ पासून त्याला स्वतंत्र शिक्षा आहे: कुणाचा जीव धोक्यात येईल अशा रीतीनं आनंदाच्या भरात गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडीच्या संदर्भात ‘प्रत्यक्ष ताबा’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. पिस्तूल समोरच्या कप्प्यात ठेवून परतवाड्याला चहाला उतरलात की झाकलेपण राहिलं, ताबा सुटला. अमेरिकेचा वाटसरूंचा कायदा म्हणतो हातापासून दूर ठेवा. आपला नियम म्हणतो हाताबाहेर जाऊ देऊ नका. एकाच भीतीची ही दोन उलटी उत्तरं.

परतवाड्याच्या उत्तरेला, बैतूलच्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची जत्रा भरते. थंडीत महिनाभर चालणारी, रोडग्यांसाठी आणि हंडीतल्या मटणासाठी नावाजलेली. आपल्या गाडीनं तिकडे वळायचं ठरवलं तर तिसरी रेषा. परवान्याच्या छापील अटींत लिहिलेलं असतं की जिल्हादंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिल्याशिवाय शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा दुसऱ्या सार्वजनिक जमावात न्यायचं नाही, शिक्षणसंस्थेच्या आवारात न्यायचं नाही. म्हणजे श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघालेल्या कावडीत परवान्याचं पिस्तूलही बेकायदा. मुलीला शाळेत सोडायला गाडी फाटकातून आत नेली तर तिथंही तेच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं अफाट आवार आठवा. शेतं, रोपवाटिका, गोठे, सगळं शिक्षणसंस्थेचं आवार. अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि परवाना रद्द होण्याची टांगती तलवार वेगळी.

सगळ्यांत थक्क करणारी रेषा मात्र पुढे घाटात आहे. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तिथं शस्त्र कायद्याच्या डोक्यावर दुसरा कायदा येऊन बसतो: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याचं कलम ३१ एका वाक्याचं आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कुणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरू नये. याच कायद्यात, सार्वजनिक महामार्गानं अभयारण्यातून नुसत्या जाणाऱ्या माणसाला प्रवेश परवान्यातून सूट दिली आहे. पण ती सूट माणसाला. कलम ३१ मध्ये तशी सूट लिहिलेली नाही. सगळा भारत असं लिहिलेला परवाना खिशात असला तरी जिथं रस्ता अभयारण्याच्या हद्दीत शिरतो, तिथं तो एकटा पुरत नाही. दिल्लीच्या गृह मंत्रालयाला जे आखता आलं नसतं ते मेळघाटातल्या वाघानं आखलं आहे, असंच म्हणावंसं वाटतं. आणि ही रेषा जंगलाच्या कडेलाही थांबत नाही. अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिघात राहणाऱ्या परवानाधारकानं आपल्या शस्त्राची नोंद वन्यजीव खात्याकडे करायची आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती घ्यायची, असं कलम ३४ सांगतं. मेळघाट, नरनाळा, वान, काटेपूर्णा या अभयारण्यांभोवती दहा-दहा किलोमीटरची वर्तुळं काढून बघा. अकोला-अमरावतीतली किती गावं त्यात येतात ते पाहून डोळे विस्फारतात.

नरनाळ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्या किल्ल्यावर नऊगजी तोफ आहे. शस्त्र कायद्यातलं कलम ४५ म्हणतं की जुन्या पद्धतीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाचं जे हत्यार, दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून चालणार नाही, त्याला हा कायदा लागूच नाही. कायद्याला आकाराची, जुन्या पराक्रमाची पर्वा नाही. आज यातून गोळी सुटेल का, एवढंच तो विचारतो.

आता राज्याकडे परत येऊ, कारण राज्याला अगदीच काही अधिकार नाही असं समजणं चूक ठरेल. शस्त्रं केंद्राच्या सूचीत, पण सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्याच्या सूचीत. त्या दारानं महाराष्ट्र आत येतो. १९५१ च्या पोलीस कायद्याचं कलम ३७ आयुक्तांना आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना अधिकार देतं की शांततेसाठी गरज वाटेल तेव्हा शस्त्रं, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्याकाठ्या घेऊन फिरायला ठरावीक काळासाठी मनाई करावी. सणासुदीच्या किंवा मोर्च्यांच्या दिवसांत ‘जिल्ह्यात कलम ३७ लागू’ ही बातमी अकोल्याच्या वाचकाला पाठ आहे. म्हणजे कालपर्यंत चालत असलेली गोष्ट आज मध्यरात्रीपासून बंद. अशी ही रेषा नकाशावर नसते, दिनदर्शिकेवर असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात तेही याच जातीचे. पण सरसकट सगळ्यांची नव्हे, तर छाननी समितीनं एकेक परवानाधारक तपासून, कुणाचं शस्त्र जमा करणं खरंच गरजेचं आहे ते ठरवावं, अशी रीत न्यायालयाच्या निकालानंतर बसली आहे.

आता गाडीच्या आत डोकावू.

नाक्यावर हात होतो, गाडी बाजूला घ्यायला सांगतात. शस्त्र कायद्याचं कलम २३ दंडाधिकाऱ्याला आणि पोलिसाला अधिकार देतं की कायदा मोडला जातोय का हे बघण्यासाठी कुठलंही वाहन थांबवावं, झडती घ्यावी आणि शस्त्र सापडलं तर ते वाहनासकट जप्त करावं. सातपुड्यापलीकडून येणाऱ्या देशी कट्ट्यांच्या मागावर आपल्याकडचे पोलीस नाकाबंदी लावतात ती याच बळावर. गुन्हा शाबित झाला तर न्यायालय ती गाडीसुद्धा सरकारजमा करू शकतं. विनापरवाना अग्निशस्त्राला २०१९ पासून किमान दोन, कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे.

आणि मग कलम ३५. गाडीत पाच जण बसलेत आणि पाठीमागच्या सीटखाली कट्टा सापडतो. कोणाचा? पाचही जण म्हणणार, माझा नाही. कायद्यानं हे उत्तर आधीच ओळखलेलं आहे. अनेकांच्या सामाईक ताब्यातल्या घरात किंवा वाहनात बेकायदा शस्त्र सापडलं, तर ज्याला ज्याला ते तिथं आहे हे ठाऊक होतं असं मानायला जागा आहे, तो प्रत्येक जण, उलट सिद्ध होईपर्यंत, एकट्यानं गुन्हा केल्यासारखा जबाबदार. सगळा भार ‘ठाऊक होतं’ या दोन शब्दांवर आहे. १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ताबा म्हणजे नुसतं हाताशी असणं नव्हे. त्यात जाणीव हवी, आणि जाणिवेबरोबर त्या वस्तूवर हुकमत हवी. त्यामुळे वस्तू अंगावर नसूनही ताबा असू शकतो आणि अंगावर असूनही ताबा नसू शकतो. मामाची जुनी बॅग घेऊन कुणी विमानतळावर जातो, अस्तरात एक विसरलेलं काडतूस निघतं, शस्त्र नाही, माहिती नाही. अशा प्रकरणांत उच्च न्यायालयांनी याच तत्त्वावर गुन्हे रद्द केलेले आहेत. लोखंडाच्या तुकड्याचा खटला शेवटी माणसाच्या मनात काय होतं यावर येऊन ठेपतो, हे मला या साऱ्या कायद्यातलं सर्वांत खोल वाटतं.

गाडी ही खासगी जागा की सार्वजनिक, या प्रश्नावरही न्यायालयांनी दोन वाटा चोखाळल्या आहेत. बिहारच्या दारूबंदीच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्या खासगी गाडीपाशी लोक पोचू शकतात, म्हणून ती सार्वजनिक ठिकाणात मोडते. २०२१ मध्ये हरियाणातल्या अमली पदार्थांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं खासगी जीप सार्वजनिक ठिकाण धरायला नकार दिला. विसंगती वाटते, पण नाही. दोन कायद्यांतल्या व्याख्या वेगळ्या. शस्त्र कायद्यानं मात्र या वादात न पडता वाहनाचं नाव कलमागून कलमात थेट लिहून टाकलं आहे. त्याला गाडी घरासारखी आहे की चौकासारखी हे ठरवायचंच नाही.

गाडी चालवणाऱ्या माणसाचं काय? मालकाचं रिव्हॉल्व्हर, परवाना मालकाचा, आणि पिशवी ड्रायव्हरच्या हातात. कलम ३ मध्ये यासाठी माणुसकीची एक फट ठेवली आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानं, दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी, परवाना नसलेल्या माणसालाही शस्त्र नेता येतं. मालक समोर बसलेला असेल तर ठीक. तो ‘मी मागून येतो, तू हो पुढे’ म्हणाला आणि चिठ्ठी दिली नाही, तर अडकतो तो ड्रायव्हर. म्हणून अशा नोकरीत असलेल्या प्रत्येकानं ही ओळ माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मालकाच्या शब्दाखातर दोन वर्षांची कैद कुणी का ओढवून घ्यावी?

आणि एसटी! कलम २० वाचून मी पान पुन्हा उघडून पाहिलं. कुणी शस्त्र घेऊन चालला आहे, परवान्यासह असो वा परवान्याविना, आणि त्याची रीत किंवा परिस्थिती अशी की ते बेकायदा कामासाठी वापरलं जाईल असा रास्त संशय यावा, तर त्याला वॉरंटशिवाय अटक करून शस्त्र काढून घेण्याचा अधिकार पोलिसाला आहे, दंडाधिकाऱ्याला आहे, इतर लोकसेवकाला आहे, आणि रेल्वे, विमान, जहाज किंवा वाहनावर काम करणाऱ्या माणसालाही आहे. म्हणजे अकोला–अकोट लालपरीत तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरच्या हाती, कागदावर तरी, फौजदाराइतका अधिकार आहे. कलम ३६ तर त्याच्यावर कर्तव्यही टाकतं: टपावर किंवा पोटात ठेवलेल्या एखाद्या पेटीत, गाठोड्यात बेकायदा शस्त्रं असावीत असा संशय आला तर जवळच्या ठाण्याला कळवायचं, आणि न कळवण्याला सबळ कारण होतं हे दाखवायची जबाबदारी त्याचीच. कुठला शहाणा कंडक्टर एकट्यानं सशस्त्र माणसाच्या अंगावर जाईल? जाऊ नयेच. पण गाडी थेट ठाण्याच्या आवारात नेऊन उभी करणाऱ्या वाहकाच्या पाठीशी कायदा आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं असतं का?

एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुटतं. त्यात परवान्याचं पिस्तूल न्यायचं तर ते आधी जाहीर करायचं, गोळ्या काढायच्या आणि सामानात द्यायचं. आपल्या सीटपाशी नाही. रस्त्यावर ‘ताबा सोडू नका’ सांगणारा देश विमानात ‘ताबा सोडाच’ म्हणतो.

आपली गाडी एव्हाना धारणी ओलांडून हद्दीपाशी आली. इथून पुढे बऱ्हाणपूर, खंडवा. पाटी हिंदीत झाली, चहाची चव बदलली. परवान्यावर नुसतं महाराष्ट्र लिहिलेलं असेल तर शस्त्राला ही वाट इथंच बंद. सगळा भारत असेल, तर पुढच्या नाक्यावरचा मध्य प्रदेशचा हवालदार कलम १९ खाली तोच कागद मागेल, त्याच कलम २३ खाली डिक्की उघडायला सांगेल, आणि मागच्या सीटवरच्या माणसाला ‘आपको पता था?’ एवढंच विचारेल.